ओटोची दीष्ट

"हॅलो?… कोण, गौरवी?… अगो, मोठ्यानं बोल… हो, हो, जेवले."

जेवण अजून व्हायचंच होतं. पण बंगळुरात बसलेल्या लेकीच्या जिवाला घोर कशाला, म्हणून कमलाक्षीबाई रोज असंच सांगत. पायाशी ओटो पसरला होता. गौरवीच्या नव्या फ्लॅटात कुत्रा चालत नाही, म्हणून चार महिन्यांपूर्वी तो सर्वणला, बाईंच्या गावी आला होता.

"तो ना? आहे की. आज परत माडाच्या आळ्यात खड्डा… गुण कसले गो! एवढेसे पाय, जमिनीला टेकलेली दाढी. काळा म्हणून दिलास, नि हा राखाडी व्हायला लागला. मला वाटलं, काही रोगबिग… हो, हो, सांगितलंस तू. चेस्की टेरियर जातीचे कुत्रे असेच पिकतात… देशात मोजकेच आहेत, ठाऊक आहे. त्यातला एक नेमका माझ्या कपाळी!

…काय?… कोण सुविधा?… वास्कोची, तुझी मैत्रीण? रविवारी गाडी घेऊन?… कशाला?"

बाईंनी वाकून ओटोच्या पाठीवर हात ठेवला.

"ओटोला न्यायला म्हणजे?… मी कधी म्हटलं नको म्हणून?… हो, कुरकुर केली. रोज केली. अगो ऐक ना… बाय, मध्ये बोलू नको! चांगलं बोललं की दीष्ट लागते, म्हणून केली… हसतेस काय? तुझ्या बाबांचं मी जन्मात एकदाच कौतुक केलं. एकसष्टीला, चार लोकांत. पुढच्या गणेशचवथीला होते ते?… मग?"

बाबा गेल्यापासून दोन वर्षं या घरात एकच आवाज होता, बाईंचा स्वतःचा. आता कुठे तो ऐकायला कोणी आलं होतं.

"आता सांगते, ऐक. पहाटे पाव घेऊन येणाऱ्या पोदेराचा हॉर्न वाजला की हा मला उठवतो. एवढी मोठी घूस एकट्यानं मारली. सोमवारी माझ्याबरोबर शिवराक, माशांशिवाय जेवतो, मुकाट. मी बोलत बसते ना, तर मान तिरकी करून सगळं ऐकतो… गुणी आहे गो. लाखात एक आहे. मला हवा आहे तो… नाही, रडत नाही.

…सुविधाला येऊ नको म्हणून कळवतेस? नक्की?… बरं.

…काय विचारतेस?… तू? तू गुणी की नाही, म्हणजे?…"

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. शब्द अगदी ओठांवर आले होते.

"नाही सांगणार. एवढ्या लांब तू, तिथं तुझी दीष्ट कोण काढणार?… चवथीला ये. समोर बसवून सांगते… हो. ठेवते."

फोन ठेवून त्या मीठ-मिरच्या आणायला उठल्या. ओटो मागोमाग स्वयंपाकघरात गेला.