सायलेन्सरची खडखड

शिक्षिकाबाई स्कूटरची वाट बघत गॅरेजच्या बाकावर बसल्या होत्या. पलीकडे मिस्त्री एका वयस्कर काकांना समजावत होता.

"काका, तीन लाख किलोमीटर पळालीये ही. इंजिनाचं काम गाडीच्या किमतीपेक्षा महाग पडेल. भंगारात देऊन टाका."

"दुरुस्त केली तर किती चालेल?"

"फार तर वर्षभर."

"पुष्कळ झालं. करा."

"एवढं काय आहे हिच्यात?"

"बायको स्मृती गेलेल्यांच्या संस्थेत असते. आता मला ओळखत नाही. पण फाटकातून गाडी आत शिरली, की खडखड ऐकून दारात येते. म्हणते, आमचे हे आले."

"सायलेन्सरची खडखड?"

"तीच."

"काका... क्लॅम्प सैल होता. सकाळीच आवळून टाकला मी. म्हटलं, तेवढं फुकटात करून देऊ."

"परत सैल होईल?"

"करतो ना."

मिस्त्रीने पाना फिरवला, गाडी सुरू केली. बाईंची स्कूटर तयार होऊन समोर उभी होती, तरी त्या उठल्या नाहीत.

"असा होता आवाज?"

"नाही."

"आता?"

"अजून जरा सैल करा."

"डोळे मिटून ऐका, काका. आता?"

"मिटलेलेच आहेत. नाही हो. दुसऱ्याच कुणाची तरी गाडी वाटते."