दुपारचा फोन

सॉफ्टवेअरवाला : नाही मॅडम, गोदामाच्या यादीत ‘रडका रॅक’ असं नाही लिहिता येणार. सिस्टिमला नंबर लागतो.

बायको : त्याच्यावरचा पत्रा गळतो म्हणून रडका. सगळ्यांना कळतं.

सॉफ्टवेअरवाला : सगळ्यांना म्हणजे?

नवरा : आम्हा दोघांना.

सॉफ्टवेअरवाला : मग याला ‘बी-एक’ म्हणू. आणि हा दाराजवळचा?

बायको : तो ‘पडल्याचा रॅक’.

नवरा : शिडीवरून पडलो होतो तिथे, नळांचं खोकं घेऊन. हिनं आधी नळ गोळा केले, मग मला उठवलं.

बायको : पितळेचे होते ते.

सॉफ्टवेअरवाला : भारी आहे तुमचं! हा ‘ए-तीन’. आता कुठल्या रॅकवर कुठला माल, हे ठरलेलं असेलच?

बायको : ठरलेलं? छे! याला जिथे जागा दिसेल तिथे हा कोंबतो. आज वॉशर रडक्यावर, उद्या माझ्या खुर्चीखाली. आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय.

नवरा : मग काय रस्त्यावर ठेवू माल?

सॉफ्टवेअरवाला : अहो, पण मग सापडतं कसं?

बायको : सकाळी मी असते, दुपारनंतर हा. निघताना मी किल्ली शेजारच्या दुकानात ठेवते आणि याला फोन करते. मी काय हलवलं ते मी सांगते, सकाळी मला जे सापडलं नाही, ते यानं आदल्या संध्याकाळी कुठे घातलं ते हा सांगतो.

सॉफ्टवेअरवाला : फोन कशाला? रात्री घरी बोलत असालच की.

नवरा : घरं दोन आहेत.

सॉफ्टवेअरवाला : अरे वा, दुसरंही घेतलंत?

बायको : दुसरं नाही हो. त्याचं एक, माझं एक.

सॉफ्टवेअरवाला : अच्छा... सॉरी हं.

बायको : सॉरी कशाला? वर्ष होत आलं. भांडणबिंडण काही नाही. संपलं, एवढंच. धंदा तेवढा दोघांचा राहिला. दाखवा तुम्ही पुढचं.

सॉफ्टवेअरवाला : हां. तर दोन पर्याय आहेत. दोन्हींत खोक्यावरचं लेबल स्कॅन करायचं, मग रॅकवरचं. झालं काम. साहेबांनी कुठेही कोंबू दे, सिस्टिम लक्षात ठेवते. फरक एवढाच, की स्वस्तातल्यात दोघांचे स्कॅनर रात्री एकदाच जुळतात. म्हणजे मॅडमनी सकाळी काय हलवलं, ते साहेबांना दुपारी दिसणार नाही. तेवढं विचारून घ्यावं लागेल.

नवरा : फोनवर.

सॉफ्टवेअरवाला : फोनवर. महागड्यात ती भानगड नाही. इकडे हलवलं की तिकडे दिसलं. घरबसल्या मोबाइलवरसुद्धा.

नवरा : म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या.

सॉफ्टवेअरवाला : हाका की! आणि मुख्य म्हणजे, ती रोज फोन करायची कटकटच गेली.

बायको : हं.

नवरा : आपल्याला स्वस्तातलं पुरे. गोदाम ते केवढं! नाकापेक्षा मोती जड व्हायचा.

बायको : तूच म्हणालास ना, या वेळी पैशाकडे बघायचं नाही म्हणून?

नवरा : म्हणालो असेन.

बायको : गिऱ्हाईक ताटकळत उभं राहतं आणि मी खुर्चीखाली वाकून वॉशर शोधते. तो मोठा बिल्डर त्यापायीच तुटला. म्हणून तर यांना बोलावलं.

सॉफ्टवेअरवाला : तुम्ही बोला निवांत. मी गाडीतून कागद घेऊन येतो. सह्या मात्र दोघांच्या लागतील.

(तो जातो. दोघं रॅककडे तोंड करून उभी.)

बायको : बोल.

नवरा : काय बोलू?

बायको : ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. स्वस्तातलं तुला का हवंय, कळतंय मला.

नवरा : कळतंय तर विचारतेस कशाला?

बायको : तुझ्या तोंडून ऐकायचंय.

नवरा : दिवसभरात तो एकच फोन येतो मला. गिऱ्हाइकांचे येतात, ते सोड. माल मी मुद्दाम इकडेतिकडे नाही ठेवत. पण नीट ठेवायच्या भानगडीतही पडत नाही आताशा. तू विचारणार असतेसच.

बायको : वाटलंच होतं.

नवरा : रागावलीस?

बायको : नाही. तेच तर ना. रागसुद्धा येत नाही. आधी वाटायचं, फोन ठेवला की रडू येईल. मग वाटलं, निदान हायसं तरी वाटेल. काही म्हणजे काही नाही. पाइप रडक्यावर आहेत म्हणायचं, फोन ठेवायचा, पर्स उचलायची. दात घासल्यासारखं.

नवरा : खरं सांगू? मलाही फार काही होत नाही. पण तो झाला की दिवस पुढे सरकतो. नाही आला तर कसा सरकेल, कोण जाणे.

बायको : माझा तिथेच अडकतो. रोज.

नवरा : कुणी आहे का?

बायको : कुणी नाही रे. कुणी भेटलं तरी मला उत्साह नाही. फक्त एखाद्या दुपारी तुझ्याशी न बोलता कुलूप लावायचंय आणि निघायचंय. काय वाटतं ते बघायचंय.

नवरा : आणि काहीच नाही वाटलं तर?

बायको : तर नाही.

नवरा : वॉशर मी जागेवर ठेवत जाईन.

बायको : आता?

नवरा : हो, आता. ते आधी सुचायला हवं होतं, नाही का?

बायको : असू दे. आले ते.

सॉफ्टवेअरवाला : झालं बोलणं? मग कुठलं करू या?

बायको : हा सांगेल.

नवरा : मी?

बायको : तू म्हणशील त्यावर मी सही करीन. कुठल्याही.

नवरा : कुठल्याही?

बायको : हो म्हटलं ना.

नवरा : महागडं करा.

सॉफ्टवेअरवाला : एक नंबर! डोक्याचा ताप गेला म्हणून समजा. इथे मॅडम, इथे साहेब. सोमवारी आमची माणसं येऊन लेबलं लावतील. त्यानंतर कुणी कुणाला काही विचारायचं नाही.

बायको : पेन उठत नाहीये.

नवरा : हे घे.

सॉफ्टवेअरवाला : आणखी काही शंका, साहेब?

नवरा : समजा, एखादी गोष्ट नाहीच सापडली. तुमच्या यातही दिसत नाही. मग?

सॉफ्टवेअरवाला : मग हेल्पलाइन आहे की! केव्हाही फोन करा.

नवरा : कोण बोलतं तिथे?

सॉफ्टवेअरवाला : कुणीही. जो मोकळा असेल तो.