पित्ताशयाचं पान

शमशुद्दीन : मास्तर, तुमच्या डाक्टरी पुस्तकाला पुठ्ठा घालताना आत ह्ये पत्र घावलं. लीलाताईचं हाय. दिवाळीतलं.

दत्तोपंत : ठेव तिथंच. उत्तर द्यायचं राहिलंय.

शमशुद्दीन : शिमगा झाला की आता! काय इचारलंय लेकीनं?

दत्तोपंत : जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ येते म्हणे, पार खांद्यापर्यंत. पुण्याचे डॉक्टर विचारतात, आईला काय होतं?

शमशुद्दीन : मग लिवा की. माईंस्नी बी तसंच व्हायचं.

दत्तोपंत : तेवढं लिहीन. पुढचं कसं लिहू? ती कळवळायची आणि मी हे पान उघडून बसायचो. पित्ताशयात खडे कुणाला होतात? बायकांना. चाळिशीपुढच्या, स्थूल, गोऱ्या. माई काडीसारखी, सावळी, पस्तिशीची. म्हटलं, नुसतं पित्त आहे. मोरावळा देत राहिलो. डोळे पिवळे झाले तेव्हा टांगा बोलावला; तोवर उशीर झाला होता, माई गेली.

शमशुद्दीन : पुस्तक कुठलं?

दत्तोपंत : विलायतेतलं.

शमशुद्दीन : म्हंजे तिकडच्या बायका बघून लिवलेलं. हितं कोण आलतं बघाय? मी गोरा हाय व्हय?

दत्तोपंत : तुझा काय संबंध?

शमशुद्दीन : ही तपकिरीची डबी उघडा. तीन खडे हायत. मिरजेला पोट फाडून काढले. बाई न्हाय, जाडा न्हाय, तरी झाले. आमच्या शहाजादी आपाला बी झालते, तिसऱ्या बाळंतपणानंतर.

दत्तोपंत : मला कधी बोलला नाहीस.

शमशुद्दीन : पुस्तकातनं मान वर काढली असती तर बोललो असतो.

दत्तोपंत : लीला मला क्षमा करणार नाही रे.

शमशुद्दीन : न करू दे. पर ती बी आईवाणी काडीच हाय. तिचा डाक्टर असंच पान उघडून बसला असला तर?

(दुसऱ्या दिवशी, टपालपेटीपाशी.)

दत्तोपंत : ऐक. ‘तुझी आई पुस्तकातल्या वर्णनात बसत नव्हती, म्हणून मी तिला वेळेवर दवाखान्यात नेलं नाही. डॉक्टरांना हे सगळं सांग. उशीर करू नकोस.’ ‘नेता आलं नाही’ असं करू का?

शमशुद्दीन : न्हेता आलं न्हाय, का न्हेलं न्हाय?

दत्तोपंत : नेलं नाही.

शमशुद्दीन : मग ऱ्हाऊ दे तसंच. टाका.

दत्तोपंत : पडलं का रे?

शमशुद्दीन : कवाच पडलं, मास्तर. हात काढा आता भाईर.