दहा वेलींतली एक

—अहो, तिथे नका बसू, ते टेबल रोपांचं आहे. ही गोणी घ्या, वाळू आहे आत, टोचणार नाही. आणि तुमच्या ड्रायव्हरला सांगा, हॉर्न वाजवू नकोस म्हणावं, आत माणूस झोपलाय. हो, तोच, माझा धाकटा भाऊ. पडला ना—शेडच्या सांगाड्यावर चढला होता, हिरवी जाळी फाटली होती ती बांधायला, आणि घसरला पाय. दोन्ही हात गेले. म्हणजे आहेत हो, जागेवर आहेत, पण कामाचे नाहीत. डोकं शाबूत, पाय शाबूत, पाठीला खरचटलंसुद्धा नाही. काय? एवढ्या उंचावरून पडलेला माणूस नेमका दोन हातांवरच कसा पडला? डॉक्टरांनीही हेच विचारलं. पडतो एखादा. मी काम करत करत बोलते हं, चालेल ना? सुरी हातात असली की मला बोलायला बरं पडतं.

दीड हजार रोपं, पंधरा दिवसांत. ऐकलं मी, साहेब, बहिरी नाही. मागच्या वेळीही तुम्ही असेच आला होतात—आठ हजार, तेही समुद्र खवळायच्या आत—आणि वर म्हणालात, बाई, तुमच्या हातात जादू आहे. जादू कसली डोंबलाची! दहा आठवडे आहेत, दुसरं काही नाही. हे बघा, ही मर्यादवेल. पेराच्या खाली असं तिरकं कापायचं, दोन पेरं वाळूत, एक वर. पिशवीच्या तळाला मूठभर विटांचा चुरा, पाणी साचून मूळ कुजू नये म्हणून—हे दुसरं कोणी करत नाही, मी करते, भट्टीवरच्या फुटक्या विटा आणून स्वतः कुटते. आठ आठवडे गोडं पाणी. मग दोन आठवडे पाणी तोडायचं आणि वरून समुद्राचं पाणी शिंपडायचं, म्हणजे रोप चिडतं, पान जाड करतं. लाडावलेलं रोप वाळूच्या टेकाडावर नेलं तर तीन दिवसांत आडवं होतं. आणि मुळात वेल आणायची कुठून? किनाऱ्यावरच्या जित्या टेकाडावरून. पण दहा वेलींतली एक. आणि तीसुद्धा वरून कापून, मुळाला हात लावायचा नाही. का? कारण बाकीच्या नऊ वेलींनी वाळू धरलेली असते, आणि त्या वाळूच्या मागे आमची घरं असतात. एवढं साधं आहे ते. पाच वर्षांच्या पोराला कळतं.

म्हणून मी तुम्हाला म्हटलं होतं, आठ हजार होणार नाहीत, पुढच्या वर्षी या. म्हटलं होतं ना? तुम्ही हसलात. आणि मान वळवून धाकट्याकडे बघितलंत. तो म्हणाला, होईल साहेब. मी त्याला नंतर फैलावर घेतलं, तर म्हणतो कसा—ताई, निम्मी आपली, निम्मी पलीकडच्या रोपवाटिकेतून आणतो, तू दाजींकडे बघ. आणि मी बघत होते ना यांच्याकडे! यांचं तेव्हा अर्धं अंग गेलेलं, महिनाभर मी दवाखान्यात, मग घरी आणलं, खिडकीशी पलंग लावून दिला, त्यांना समुद्र दिसायला हवा होता. टेकाडांची रांग घरापासून दोनशे पावलांवर सुरू होते, वळणाच्या पलीकडे. तेवढी दोनशे पावलं मी चालले नाही. रोज मी मनाशी म्हणायचे, उद्या जाईन. ते पाप माझं आहे, ते मी कोणाच्या गळ्यात मारत नाही.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. रोपं तुम्ही तुमच्या हॉटेलापुढच्या टेकाडावर लावलीत, फोटो निघाले. आणि मग ते वादळ—त्या सकाळी फोन कोणी केला मला? तुम्ही केलात. बाई, येऊन तर बघा, समुद्र एवढा खवळलाय आणि आपलं टेकाड जागचं हललं नाही. मी धाकट्याला यांच्यापाशी बसवलं आणि आले धावत. खरं सांगते, छाती फुगली होती माझी. वारा असा की तोंडात वाळू, आणि मी खुळ्यासारखी हसत होते. कडेचं एक रोप लाटेने उघडं पडलं होतं. म्हटलं पुन्हा खोचावं, म्हणून हातात घेतलं. मूळ माझ्या अंगठ्याएवढं जाड, साहेब. दोन-तीन महिन्यांच्या रोपाचं? आणि खालून फावड्याने तोडलेलं, सरळ. मी दुसरं उपसलं, तिसरं उपसलं—तुम्ही ओरडत होतात, बाई हे काय चाललंय—आणि मी वाळू चाळत होते बोटांनी. लाल कण शोधत होते. विटेचा एक कण नव्हता तिथे, एक नाही. ती रोपं कोणाच्याच पिशवीतली नव्हती. ती माझ्या दारातली वेल होती, पन्नास-साठ वर्षांची, मुळासकट उपटलेली. तुमचं टेकाड माझ्या टेकाडावर उभं होतं.

घरी पोचले तेव्हा घर कमरेएवढ्या पाण्यात. समुद्र समोरून आला नव्हता, बाजूने आला, वळणाकडून, जिथे आता नुसती उघडी वाळू होती. पलंग उलटा. यांना धाकट्याने काखेत हात घालून धरलेलं, दारापर्यंत ओढत आणलेलं, आणि म्हणत होता, ताई, मी सोडलं नाही, मी सोडलं नाही गं. खरंच सोडलं नव्हतं. यांच्या तोंडात वाळू गेली होती. मी ती बोटाने काढली. एवढीशी नाही, मूठभर.

तीन दिवस मी त्याला जवळ घेऊन थोपटलं. रडू नकोस म्हटलं. लहानपणापासून मीच वाढवलाय त्याला, आई गेली तेव्हा तो अंगावर पीत होता. ते मूळ माझ्या पिशवीत होतं आणि मी त्याला थोपटत होते. चौथ्या दिवशी सकाळी त्याला ह्या शेडमध्ये बोलावलं, मूळ ह्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, हे कुठलं? त्याने बघितलं आणि खाली बसला. खोटं बोलला असता ना, तर मी एखादी थोबाडीत दिली असती आणि सोडलं असतं. पण तो खरं बोलला. सगळं बोलला. म्हणाला, दहातली एक नाही ताई, सगळी काढली. लावणीसाठी खड्डे पाडायची लोखंडी पहार असते ना, ती कोपऱ्यात होती.

काय बघताय असे? हो, सांगाड्यावरून पडला, सगळ्यांना तेच माहीत आहे, तोही तेच सांगतो. एक घाव डाव्या हातावर मारला. मग उजव्यावर. त्याने हात मागे घेतले नाहीत, साहेब—हेच मला सहन होत नाही—समोर धरून बसला, जसा शाळेत पट्टी खायला बसायचा. पुन्हा डावा. हाड बाहेर आलं तेव्हा मी थांबायला हवं होतं ना? नाही थांबले. ज्या हातांनी उपटलं, ते मला मोडायचे होते. आणि मोडता मोडता लक्षात आलं, ह्याच हातांनी हा यांना ओढत होता. तेव्हा पहार सुटली. मग मीच गाडी बोलावली, मीच दवाखान्यात नेलं, आता मीच भरवते, मीच धुते. माझं रक्त आहे ते. जाणार कुठे?

नाही नाही, उठताय कुठे? अजून संपलं नाहीये. तुम्हाला वाटलं मला एवढंच माहीत आहे? त्याने तुमचं नाव घेतलं नव्हतं आधी, बरं का. मार खाताना नाही घेतलं. दवाखान्यातून आल्यावर एक दिवस जेवता जेवता घेतलं. मी सहज विचारलं, एवढं सगळं एकट्याने उपटलंस कसं रे? तर म्हणाला, ट्रॅक्टर होता. कोणाचा? साहेबांचा. साहेब स्वतः उभे होते टेकाडावर, म्हणाले, वेलच आहे, दोन महिन्यांत पुन्हा माजेल, ताईला कळणारसुद्धा नाही. मान हलवू नका. मान हलवू नका म्हणते ना! तुम्ही यांच्या मातीला आला होतात. माझ्यासमोर हात जोडून उभे होतात. आणि आज परत तोंड वर करून आलात, दीड हजार, पंधरा दिवसांत.

बाहेर बाराशे पिशव्या तयार आहेत, दिसल्या असतील येताना. त्या माझ्या टेकाडातल्या खिंडारासाठी आहेत. त्यातलं एक पान मिळणार नाही तुम्हाला. पोलीस? बोलवा की. माझं मी कबूल करते, तुमचं तुम्ही करा. नाही बोलवायचे? का हो? बरं, मग एक करा. हात दाखवा. असे नाही, इथे टेबलावर, तळवे वर करून. घाबरताय कशाला, बाईमाणूस आहे मी, आणि ही सुरी एवढीशी आहे, वेल कापायची. मला फक्त बघायचंय, तुमच्या हातांना त्या दिवशीची माती लागली होती की नाही. ठेवा. मी एकदाच सांगते. दुसराही. असं. किती मऊ हात आहेत हो तुमचे, एक घट्टा नाही. हलवू नका, साहेब. हलवू नका, मी—

ऐकलंत? नाही, तुम्ही नाही, आतून—ताई म्हणतोय. जागा झाला. पाणी हवं असेल त्याला.

आले रे! थांब जरा!

...हात उचला. उचला म्हणते, काढा तिथून. मला त्याला पाणी पाजायला दोन्ही हात लागतात, एकाने मान धरायची, एकाने भांडं. सावकाश पितो तो, दोन घोट पितो आणि मध्येच रडतो, मग पुन्हा पाजावं लागतं. तेवढाच वेळ आहे तुमच्याकडे. पळत जा, चालत जा, पण मी बाहेर येईन तेव्हा मला दिसू नका. उठा.

आले रे राजा, आले.