रोज एक वीत सरकणारी लाल बादली

जबाब, सोमवार, दुपारी सव्वाचार

मी, काचवाले (पेठेत सगळे याच नावाने ओळखतात), वय ५४ वर्षे, धंदा चष्म्याचे दुकान, राहणार दुकानावरच, तिसरा मजला, समक्ष विचारल्यावरून खरे तेच सांगतो की,

मी पत्नीसह राहतो. पत्नी ग्रंथपाल असून रायफल नेमबाजी करते. रायफल व परवाना तिच्याच नावे आहेत. काल रविवारी तीनशे मीटरची निवड स्पर्धा होती. संघात जागा एकच, आणि वयाच्या अटीमुळे पत्नीची ही शेवटची संधी होती. या जागेसाठी ती अकरा वर्षे झटते आहे.

त्याच्या आदल्या रविवारी ती नेमबाजीच्या मैदानावरून रायफलवरची नवी दुर्बीण नेमकी जुळवून घेऊन आली. शेवटच्या आठवड्यात रायफल उचलायची नाही, असा तिचा नियम आहे. ती म्हणाली, "आता हिला हात लावू नका." मी एकोणतीस वर्षे लोकांच्या डोळ्यांवर काचा बसवतो आहे. त्यामुळे हात लावला.

कपाटाची किल्ली चहाच्या डब्यात असते. त्याच दुपारी मी रायफल काढून मागच्या खोलीत, जिथे मी काचा घासतो, तिथल्या टेबलाच्या शिकंज्यात घट्ट आवळली. कव्हर रिकामे दिसू नये म्हणून त्यात पडद्याचा दांडा घातला. बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता भाग, पत्नीच्या पर्समध्ये होता व गोळी घरात नव्हती, हे कृपया ठळक लिहावे.

बोल्ट नसला की नळीतून आरपार दिसते. मी गुडघ्यावर बसून पाहिले. खिडकीतून, मैदानापलीकडे तीनशे मीटरवर असलेल्या गच्चीवरची लाल बादली नळीत मधोमध दिसली. दुर्बिणीतली फुलीही त्याच बादलीच्या मधोमध होती. म्हणजे सगळे ठाकठीक होते. उठताना कंबर धरल्याने पुन्हा नळीतून पाहिले नाही. शिकंजा हलणे शक्यच नव्हते.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी दुर्बिणीतून पाहिले तर फुली बादलीच्या एक वीत उजवीकडे. मी ओळखले, दुर्बीण सरकते आहे. घुंडीच्या अकरा टिचक्या देऊन फुली बादलीवर आणली. मंगळवारी पुन्हा तेच. असे शनिवारपर्यंत सहा दिवस केले. नंतर रायफल पुसून कपाटात ठेवली. मला फार समाधान वाटले होते.

रविवारी स्पर्धेला उशीर झाल्याने पंचांनी चाचणीच्या, म्हणजे आधी नेम तपासायच्या, गोळ्या रद्द केल्या. पत्नीने दहा गोळ्या झाडल्या. तिचा निशाणाचा कागद कोरा निघाला. तिच्या उजवीकडे नेम धरणाऱ्या, दातांचा दवाखाना असलेल्या डॉक्टरीणबाईंच्या कागदावर वीस भोके निघाली, पैकी दहा वाटीएवढ्या जागेत. नियमावर बोट ठेवून पंचांनी चांगली दहा त्यांच्या नावे धरली व त्यांची निवड झाली. डॉक्टरीणबाईंना स्वतःलाच आश्चर्य वाटल्याचे दिसले.

घरी मी पत्नीला म्हणालो, "नंबर वाढलाय तुझा."

ती म्हणाली, "मला स्वच्छ दिसत होतं."

"असं सगळेच म्हणतात," असे सांगून मी तिला संध्याकाळपर्यंत जाड भिंगाचा चष्मा करून दिला. तो लावून ती आज सकाळी दाराच्या चौकटीवर आपटली. रडली नाही. याचे मला फार वाईट वाटते.

आज हेडमास्तरांनी (निवृत्त, वय ७१, त्या गच्चीचे मालक) माझ्याविरुद्ध तक्रार दिल्याने मला चौकीत बोलावण्यात आले. त्यांचे माझ्यासमोरचे म्हणणे असे: "खिडकीत नळी दिसली. खात्री करायला मी रोज संध्याकाळी बादली एक वीत सरकवायचो. रोज सकाळी हा गृहस्थ वाकून काहीतरी पिळायचा!" मग आठवडाभर का थांबलात, असे साहेबांनी विचारता ते म्हणाले, "पुरावा पक्का झाल्याशिवाय मी कुणाला नापास करत नाही."

सहा वीत म्हणजे साडेचार फूट. शेजारचा कागद तेवढ्याच अंतरावर असतो. म्हणजे पत्नीचा नेम अचूक होता, आणि आंधळा मी होतो. हे तिला कळू नये, निदान आज कळू नये, अशी माझी विनंती आहे.

जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. त्यांचा आवाज खणखणीत असून, परवाना दाखवायला आलेली पत्नी दाराबाहेरच बाकावर होती. वाचन पडद्याच्या दांड्यापर्यंत आले तेव्हा ती आत आली व शेवटपर्यंत उभी राहिली. मग जाड चष्मा टेबलावर ठेवून म्हणाली, "साहेब, याची शिक्क्याची प्रत द्या. उद्या बारापर्यंत पंचांकडे हरकत घेता येते."

मी म्हणालो, "अगं, पेठेत छी-थू होईल! माझ्याकडे डोळे कोण तपासून घेईल?"

हेडमास्तर म्हणाले, "बाई, मी साक्षीला येतो. बादली घेऊन."

पत्नीने कागद माझ्यापुढे सरकवला. "सही कुठे करायची ते दिसतंय, की नंबर काढू?"

दिसले. वरील मजकूर मी सांगितला तसाच आहे. तिने बोट ठेवले तिथे सही केली.