तारे का डोंगर

तुमी मघापासून छंद-छंद करून राहिले, म्हणून सांगतो.

रिटायर झालो आन् घरीच बसलो. मनात आलं, काहीतरी नवं धरावं. एकतर रोज तारे बघावे, न्हाई तर औंढ्याकडचे डोंगर चढावे. माझा ओढा ताऱ्यांकडं, कारण ते काम गच्चीवर पडल्या पडल्या होतं. तरी म्हणलं, बायकोला विचारावं. ती भेंडी चिरत होती.

"जरा बारीक चिर," मी म्हणलं, "आन् सांग, तारे बघू का डोंगर चढू?"

तिनं विळी आडवी केली. इतकं मन लावून ती माझं कधी ऐकत न्हाई.

"तारे कवा दिसतेत?"

"रातच्याला."

"आन् डोंगराला किती वेळ लागतो?"

"सकाळी निघालं की दिवस मावळायला घरी."

"मधी जेवायला येता येत न्हाई ना?"

"कसं येणार? डबा न्यावा लागतो."

"मंग डोंगरच चढा. डबा मी देते."

मला भरून आलं. म्हणलं, "माझ्या तब्येतीची लई काळजी गं तुला."

"तब्येतीचं न्हाई वो," ती म्हणली, "रातच्याला तुमी झोपलेलेच असता. तकलीफ दिवसाची हाय."