दुसरी पाल

...नाही, मला सांगा, दूध मागणाऱ्या पोरीला कुठला बाप नाही म्हणेल? तुम्ही म्हणाल? तुम्ही? बघा, कोणी बोलत नाही! आणि पोरगी कशी, तर बारा वर्षांची झाली पण आपणहून दुधाचा पेला उचललेला नाही, नाक धरून पाजावं लागतं, निम्मं दूध मोरीत जातं... अशी पोरगी, मी ऑफिसातून येतोय, सायकल अजून भिंतीला टेकवायचीय, तोच समोर येऊन उभी राहते आणि म्हणते, "अप्पा, इन्नोरु पाल वेणुम्." तमिळ हो! इन्नोरु म्हणजे आणखी एक, वेणुम् म्हणजे पाहिजे, आणि तमिळमध्ये पाल म्हणजे दूध. आणखी एक पेला दूध पाहिजे! मला तर भरूनच आलं. म्हटलं, "एक का गं, दोन घे! रोज घे! आईनं अडवलं तर मला सांग!" वचन दिलं मी, ओट्यावर उभं राहून, शेजाऱ्यांदेखत! पोरगी टुणकन उडी मारून आत पळाली... ती चुलीकडे नाही, फोनकडे.

तिथंच कळायला हवं होतं. नाही कळलं! तुम्ही तिकडची मंडळी, तुम्हाला हा घोटाळा समजायचा नाही. आम्ही तंजावरचे मराठी, तीनशे वर्षं झाली इकडं येऊन, आमची जीभ मराठी पण कान तमिळ. मराठीत पाल म्हणजे कोण? भिंतीवरची, चुकचुक करणारी. आणि आमच्या घरात, मानंबुचावडीतल्या त्या तीन खोल्यांत, एक पाल आधीच काचेच्या पेटीत दिव्याखाली शेकत बसलेली! पोरगी दुसरी पाल मागत होती. आणि मी आपलं दूध समजलो!

आता ही पहिली पाल आमच्या घरात आली कशी, तेही ऐका. आमच्या राजमचा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा गणेशकुमार, बोटीवर इंजिनीयर. पूर्वी हा सिंगापूरहून आला की टेपरेकॉर्डर आणायचा, जॉर्जेटची साडी आणायचा, एकदा नुसती साबणाची वडी आणली तर गल्ली वास घ्यायला जमली होती! मग ते उदारीकरण का काय ते आलं. टेपरेकॉर्डर गावात मिळायला लागले, साबण तर कोपऱ्यावर. झाली का मेहुण्याची पंचाईत? बहिणीच्या घरी न्यायचं काय? इथं मिळत नाही असं उरलंय काय? तर यानं आणली पाल! साधीसुधी नव्हे, हातभर लांब, अंगभर काटे, गळ्याखाली काट्यांची दाढी, आणि राग आला की ती दाढी फुगते आणि काळीकुट्ट होते. ऑस्ट्रेलियाची म्हणे. इंग्रजीत तिला दाढीवाला ड्रॅगन म्हणतात. मी म्हटलं, "ड्रॅगन असो नाहीतर अजून कोणी, आमच्या भाषेत ही पाल." अशा दोन आणल्या त्यानं. एक आमच्या पोरीला, एक त्याच्या वर्गमित्राला, सांबशिवला, बँकेत ऑफिसर आहे तो.

पोरीचं नाव सांगायचं राहिलं. वासुकी. हसलात ना? मला ठाऊक होतं! तुमच्याकडे वासुकी म्हणजे साप, आमच्याकडे म्हणजे मोठी पतिव्रता. पण गणेशकुमार म्हणतो, "दाजी, नाव तुम्हीच ठेवलंत, मी फक्त नातेवाईक आणून दिला."

तर त्या पालीचं नाव पडलं बुवा. दुसरं काय ठेवणार? डोळे मिटून, दाढी सोडून, मान हलवत बसतो. राजमनं रेडिओ लावला की हमखास चुकीच्या जागी दाद देतो. पहिला महिनाभर राजम त्या खोलीत पाऊल टाकेना. पंचांग काढून बसली! पाल डोक्यावर पडली तर काय फळ, खांद्यावर पडली तर काय फळ, सगळं दिलंय त्यात. पण पाल मांडीवर बसून जास्वंद खाते, त्याचं फळ कुठं दिलंय? नाही ना दिलेलं! मग हिनं पंचांग मिटलं ते मिटलंच. आता देवाच्या परडीतलं पहिलं फूल कोणाला? बुवाला! विचारलं तर म्हणते, "अहो, देव कालचंही घेतो. बुवाला ताजंच लागतं."

आणि माझं काय झालं? सात पिढ्यांत आमच्या घरात अंडं शिरलं नाही, आणि बुवाला लागतात नाकतोडे. जिवंत! मी कालवे खात्यात नकाशे काढणारा माणूस, आठवड्यातून एकदा कामाला तिरुवैयारूला जातो. तिथं लोक कुठून कुठून गाणं शिकायला येतात हो, आणि मी कावेरीकाठच्या गवतात वेष्टी, म्हणजे आमचं धोतर, खोचून नाकतोडे धरतोय! येताना बसमध्ये मांडीवर जेवणाचा डबा, डब्यात टकटक टकटक... शेजारची बाई विचारते, "सर, तुमचं जेवण हलतंय का?" काय सांगू तिला? म्हटलं, "रस्ता खराब आहे."

एका पालीपायी हे. आणि पोरगी म्हणते दुसरी! का, तर त्या सांबशिवची बदली झाली गुवाहाटीला, रविवारी निघायचं, पाल नेता येत नाही. "तुम्ही घेता का? नाहीतर बागेत एखाद्या झाडावर सोडून देतो," असं त्यानं फोनवर सांगितलं, आणि फोन घेतला होता वासुकीनं. झाडावर! कावळ्यांच्या गावात! पोरीचा चेहरा उतरला, आणि ती माझी वाट बघत दारात बसली. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. मी दूध समजलो!

खरं कळलं तेव्हा मी म्हटलं, छे, जमायचं नाही. आणि का जमायचं नाही, ऐका. दोन दाढ्या एका पेटीत नांदत नाहीत. एकमेकांच्या अंगावर चढतात, शेपट्या तोडतात. म्हणजे पेटी वेगळी, दिवा वेगळा. पेटी ठेवायची कुठं? घरात मोकळी जागा एकच, माझं नकाशांचं टेबल. आणि वीज? वीज आमच्याकडे पाहुण्यासारखी, येते ती जायच्या तयारीनंच. एकाला शेकवताना नाकीनऊ येतात, दोघांना कुठून शेकवू? मी पोरीला समजावलं, मराठीतच समजावलं, मी तिच्याशी मराठीतच बोलतो, "वासुकी, अगं, माझी ऐकण्यात चूक झाली. मी दूध समजलो." ती म्हणाली, "सरि."

सरि म्हणजे बरं. पण तमिळमध्ये सरि शंभर प्रकारांनी म्हणता येतं, आणि त्यातला जो सगळ्यात वाईट प्रकार आहे ना, तो हा. दार लागतं त्या सरिनं! जेवतेस का? सरि. अभ्यास झाला? सरि. तीन दिवस घरात दुसरा शब्द नाही. राजम मला म्हणाली, "अहो, वचन दिलंत ना?" म्हटलं, "अगं, पण ते दुधाचं होतं!" म्हणते, "मग पाजा तिला दूध. बघू पिते का."

आता मनातली गोष्ट सांगतो. पाल, पेटी, वीज, हे सगळं राहू दे बाजूला. माझं खरं दुखणं निराळंच. पाच वर्षं झाली, पोरगी माझ्याशी मराठीत बोलत नाही. सगळं कळतं तिला. मी मराठीत विचारायचं, तिनं तमिळमध्ये उत्तर द्यायचं, फार झालं तर इंग्रजीत. लहानपणी बोलायची हो, गोड बोलायची! मग बंदच झालं. का? मी म्हणायचो शाळेमुळं, मी म्हणायचो त्या केबल टीव्हीमुळं, दिवसभर तमिळ सिनेमे. माझ्या आईचं मराठी माझ्यापर्यंत आलं, आणि माझ्यापाशी येऊन थांबलं, असं वाटायचं, आणि फार वाईट वाटायचं. मोठं काही मागत नव्हतो मी. एक वाक्य! "अप्पा, जेवायला चला," एवढं म्हणाली असती तरी मी दोनदा जेवलो असतो.

तर शनिवारी दुपारी वीज गेली. वीज गेली की बुवाचा दिवा जातो, दिवा गेला की वासुकी त्याला खांद्यावर बसवून गच्चीवर उन्हात नेते. मी ठरवलं, आज शेवटचं सांगून टाकायचं. मनात भाषणाची जुळवाजुळव करत जिना चढायला लागलो, आणि चार पायऱ्या उरल्या असतील, तर वरून आवाज आला...

"बुवा, ऊन पुरे कां रे तुला? हं? फूल खा की थोडं. नको म्हणू नये."

मराठी! मला वाटलं राजम वर आलीय. पण राजम खाली भांडी घासत होती, मला भांड्यांचा आवाज येत होता! मग वर कोण? मी जिन्यात तसाच थिजलो. एक पाय या पायरीवर, एक त्या. आणि मराठी तरी कसलं, तुमचं पुण्याचं नव्हे हो, अगदी माझ्या आईचं, तो "कां रे" सुद्धा तिचाच, शेवटी उंच चढणारा! कुठून उचललं पोरीनं? कधी? मला वाटत होतं तिनं सगळं टाकून दिलं, आणि तिनं ते सांभाळून ठेवलं होतं, एका पालीसाठी!

पुढं ऐका. म्हणते, "तुला एक सांगू कां, बुवा? अप्पाला मराठी येत नाही." 

मला! मराठी येत नाही!

"मी मराठीत विचारलं. पाल म्हटलं. तमिळमध्ये तुला काय म्हणतात ते मला येतं की. पण मी मुद्दाम पाल म्हटलं, अप्पाला आवडेल म्हणून. त्यांना कळलंच नाही. दूध समजले."

आता काय सांगू तुम्हाला... अहो, तीन शब्द बोलली होती पोरगी. इन्नोरु, पाल, वेणुम्. दुधाला "आणखी एक" कोण म्हणतं? दूध "आणखी थोडं" असतं! तिथंच कान टवकारायला नकोत? दोन तमिळ शब्दांच्या मधोमध एक मराठी शब्द माझ्यासाठी धरून आणला होता तिनं, पाच वर्षांनी पहिला, आणि मी काय केलं? दूध समजून गटकन गिळून टाकला! वर म्हणतो, दोन घे!

थांबा, अजून संपलं नाही. ती म्हणाली, "तुझ्याशी बरं बोलता येतं. तू हसत नाहीस."

हसत नाहीस म्हणजे? कोण हसलं? आणि मग मला आठवलं. ती सात वर्षांची, तिरुचीला लग्न, मांडवभर पाहुणे, आणि ही धावत धावत येऊन मोठ्यांदा म्हणाली, "अप्पा, आई आला!" आणि मी, मी हो, दुसरं कोणी नाही, मी म्हणालो, "आला? आईला दाढी फुटली का गं?" सगळा मांडव हसला. मीही हसलो. सगळ्यात मोठ्यांदा मीच. ती गप्प झाली, मला वाटलं लाजली. त्या दिवसापासून पोरगी तमिळ! शाळा नव्हे, केबल नव्हे, कोणी नव्हे. मी! पाच वर्षं मी सगळ्या जगाला बोल लावत फिरलो. पालीला हसता येत नाही, हा केवढा मोठा गुण आहे, हे मला त्या जिन्यात कळलं.

रडलो नाही मी. जिन्यात धूळ फार असते. ...रडलो हो, रडलो, तुमच्यापाशी काय लपवायचं.

वर गेलोच नाही. चोरासारखा खाली आलो, टेबलावरचे नकाशे गुंडाळले आणि खाटेखाली सारले. राजमनं ओल्या हातानं दारातून बघितलं. म्हणाली, "दुधाचं वचन पाळताय का?" म्हटलं, "गप्प बस, आणि फडकं दे." फडकं दिलं, पण गप्प बसली नाही. मला म्हणाली, "मी वर्षभर ऐकतेय तिचं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही लगेच वर जाऊन शाबासकी दिली असती, आणि ते पण बंद झालं असतं." खरंच हो, दिली असती मी शाबासकी.

रविवारी सकाळी मी आणि वासुकी रिक्षानं सांबशिवकडे गेलो. सामानाची बांधाबांध झालेली, घर रिकामं, मधोमध पेटी. त्याच्या पालीचं नाव चेल्लम. तमिळमध्ये लाडक्या लेकराला म्हणतात तसं. बँकेतला ऑफिसर, मिशीवाला, भारदस्त माणूस, त्या पेटीच्या काचेवर बोट ठेवून लहान मुलाशी बोलावं तसं तमिळमध्ये काहीतरी बोलला, आणि एकदम खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मला म्हणाला, "धूळ फार आहे." मी म्हटलं, "असते." परत येताना पेटी माझ्या मांडीवर, आणि वासुकी सगळी वाट एका हातानं पेटी धरून, दुसऱ्या हातानं मला. बोलली काही नाही. मीही विचारलं नाही. शहाणा झालो होतो!

आणि संध्याकाळी मी टेबलापाशी खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, आता या नव्या जिवाशी पहिल्या दिवसापासून आपण बोलायचं, आणि मराठीतच बोलायचं, पोरीच्या कानावर पडेल असं. गळा साफ केला. म्हटलं, "ये गं चेल्लम! हे तुझं घर. भिऊ नकोस. जास्वंद खातेस का, जास्वंद?" चेल्लमनं माझ्याकडे बघितलं. दाढी फुगवली. ती काळी झाली. मी आवाज आणखी गोड केला, "अगं, मी तुझा अप्पा..." ती आणखी काळी! मागं कोणीतरी येऊन उभं राहिल्याचं मला कळलं. खांद्यावर हात पडला. छोटासा. मी वळून बघितलं नाही, वळलो असतो तर तोंडावर आनंद दिसला असता आणि सगळं मुसळ केरात गेलं असतं. आणि वासुकी, माझी वासुकी, हळूच, अगदी स्वच्छ मराठीत मला म्हणाली...

"अप्पा, ती तमिळ घरात वाढलीय. तुमचं मराठी तिला कळत नाही. तुम्ही तिच्याशी तमिळ बोला."

तीन वाक्यं! एक मागत होतो, तीन मिळाली, सलग, एकही शब्द उसना नाही... आणि सांगते काय? तर तमिळ बोला!

काय करता? बोलतो आपला. रोज संध्याकाळी सहा ते सात, पालीशी, तमिळमध्ये.